सारजेची गूळतुला

४ जानेवारी १९३७, बारामती
आणली! माझ्या बहिणीची मुलगी, सारजा. शेळगावहून आली, गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली. वय सव्वीस. डॉक्टर म्हणाले, काळीज थकलंय. एवढं वजन उतरलं नाही तर जगणं कठीण. नवरा कुंडलिकराव शेजारीच उभा — हातात बासुंदीचा डबा! डॉक्टरांदेखत!
डबा मी त्याच्याच हाती परत दिला आणि दार लावून घेतलं.

९ जानेवारी
इतकी वर्षं मुलींच्या शाळेत शिकवण्यात काढली, पोरींच्या तोंडून तऱ्हेतऱ्हेचे नवरे ऐकले. हा निराळाच. मारत नाही, टाकून बोलत नाही. स्वतः भरवतो. ती पुरे म्हणाली की तोंड पाडून बसतो. दर चैत्रात यात्रेला तिची गूळतुला — एका पारड्यात ती, दुसऱ्यात गुळाच्या ढेपी. मग तो गूळ गावाला वाटायचा. ढेपी वाढल्या की गाव म्हणतं, केवढी भक्ती!
भक्ती कसली? तिला विहिरीपर्यंत जाता येत नव्हतं. कुठंही न जाऊ शकणारी बायको, हेच त्याचं सुख.
यंदाही तुला होईल. होऊ दे. भर यात्रेत त्याचं तोंड पाहायचंय मला.

२ फेब्रुवारी
भाकरी, ताक, पालेभाजी. सकाळी कालव्याकाठी चालणं. सारजा रडते. रडू दे. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शिकताना आम्हीही अर्धपोटी उठत होतो.

१४ मार्च
कुंडलिकराव आला. ओसरीवरच बसवला. म्हटलं, तुम्हाला नेमकं हवंय काय? टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "मावशी, दुष्काळात माझी आई चिपाडावानी होऊन गेली. हिच्या अंगावर मांस चढताना बघितलं की जीव निवतो. आन् खरं सांगू? मला ती तशीच आवडती."
"मग आईचं श्राद्ध घाला," मी म्हणाले, "माझ्या भाचीचं नको."
चहाही दिला नाही.

२५ एप्रिल, शेळगाव
सारजा आपल्या पायांनी पारड्यात चढली. गेल्या सालाइतक्या ढेपी रचल्या होत्या, त्यातल्या दोन उतरवाव्या लागल्या! गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कुंडलिकराव, देवाचं बी कमी केलं व्हय?" सगळे हसले. तो जमिनीकडे बघत राहिला. बायकोकडे एकदाही नाही.
प्रसादाचा गूळ मी दोनदा मागून घेतला.

२८ एप्रिल, बारामती
सारजाला परत माझ्याकडे घेऊन आले. आज भाकरी पुढ्यात तशीच ठेवून बोलली.
"ते भरवताना मी एकेक घास लांबवायची, मावशी. तेवढा वेळ ते दुसरीकडं बघायचे न्हाईत."
मी म्हटलं, अगं, मेली असतीस.
"व्हय. पर मला काय हवं, त्यांनी कधी विचारलं न्हाय. तूबी न्हाय."
मी ताट उचललं.

३० एप्रिल
सारजा घरात नाही. शेजारची रंगूबाई म्हणाली, पहाटे मोटारस्टँडवर दिसली, शेळगावच्या मोटारीत बसताना. एकटी. भराभरा चालत गेली म्हणे.