बिननावाची बटणं

चि. खारू यास,

ताईचे पुष्कळ आशीर्वाद. तू, भावजयबाई आणि मुलं सुखरूप असाल अशी आशा करते. आशाच करावी लागते, कारण गेल्या चार महिन्यांत तुझ्या तोंडून मी 'नंतर बोलू' याखेरीज फारसं काही ऐकलेलं नाही. माझं बरं चाललंय (पत्रात असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढे कळेलच). पत्र मी स्वतः टाइप केलंय. चुका राहिल्या असतील तर त्या मला दिसल्या नाहीत. मला गेली चौतीस वर्षं काहीच दिसलेलं नाही, हे कामाच्या गडबडीत विसरला असशील म्हणून आठवण करून दिली.

आधी अभिनंदन. तुमच्या कंपनीने केलेल्या आमच्या रुग्णालयाच्या नव्या वेबसाइटला 'सर्वांसाठी सोपी' या गटात पहिलं बक्षीस मिळालं म्हणे. बक्षीस घेतानाचा फोटो तू आवर्जून पाठवलास. माझ्या फोनने तो मला मोठ्याने वाचून दाखवला: 'चित्र. वर्णन नाही.' मी तीनदा ऐकला. छान दिसत असशील.

आता त्या साइटविषयी. जुनी साइट फार कुरूप होती, असं तू म्हणाला होतास. असेल. पण माझ्या कॉम्प्युटरमधला बोलघेवडा (पडद्यावरचं वाचून दाखवणारं माझं सॉफ्टवेअर, रात्रंदिवस एकाच सुरात बोलतं, पण खोटं बोलत नाही) त्या कुरूप पानावर गेला की धडाधड सांगायचा: 'नाव, इथे लिहा. वय, इथे लिहा. विभाग निवडा.' पाच मिनिटांत डॉक्टरांची वेळ मिळायची. तुझ्या देखण्या पानावर तो पहिल्यांदा गेला आणि म्हणाला, 'बटण. बटण. बटण. चित्र. बटण.' मला वाटलं, बिचाऱ्याला लकवा झाला. मग कळलं की लकवा तुमच्या पानाला झालाय. बटणं आहेत, पण एकालाही नाव नाही. ज्यांना दिसतं त्यांच्यासाठी म्हणे त्यांवर नाजूक चित्रं काढलीत. एकावर हृदय, एकावर दात, एकावर पाळणा.

तीन महिन्यांपूर्वी जिना चढताना माझ्या छातीत दाटून यायला लागलं. म्हणून आधी फोन लावला. ज्या रुग्णालयाच्या टेलिफोनवर मी अठ्ठावीस वर्षं बसले, दोनशे चाळीस विभागांचे नंबर ज्या बाईला तोंडपाठ होते, तिलाच तो टेलिफोन म्हणाला, 'भेटीची वेळ घेण्यासाठी आमच्या वेबसाइटवर जा.' आवाज गोड आहे. श्वास कुठे घ्यायचा ते मात्र त्या बाईला कुणी शिकवलेलं नाही. माझ्या वेळी 'छातीत दुखतंय' एवढं कुणी म्हटलं की मी पुढचं ऐकायच्या आत हृदयविभागाला जोडून द्यायची.

मग तुमच्या मदतकक्षाला लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, 'कृपया आपला ब्राउझर अद्ययावत करा.' केला. अद्ययावत झालेल्या ब्राउझरचं आणि माझ्या बोलघेवड्याचं पटेना. आठवडाभर घरात शांतता होती, एखाद्या घरात नवी सून आल्यावर असते तशी. ते जुळल्यावर पुन्हा साइट उघडली. बटण, बटण, बटण.

त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू मीटिंगमध्ये होतास, तरी उचललास, हे मान्य करते. म्हणालास, "ताई, नियम आम्हाला ठाऊक आहेत गं. पण मुदत होती. ते सगळं पुढच्या टप्प्यात घेतलंय." छातीचं मी बोलले नाही. तू ठेवलास.

खारू, ते नियम मीही ऐकलेत. जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ठरवलेत, आणि ज्या पानावर ते ठेवलेत ते पान बोलघेवडा अथपासून इतिपर्यंत न अडखळता वाचतो. फार मोठं मागणं नाही त्यांत. बटणाला नाव द्या. चित्राखाली चार शब्द लिहा. मागे पार्श्वभूमी राखाडी असेल तर वर अक्षरं राखाडी काढू नका. माझे डोळे गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. मला हाताला धरून बाजारात न्यायचास आणि वाटभर बोलत असायचास: डावीकडे खड्डा, पुढे लाल साडीतली जाडी बाई, दुकानदार आपल्याकडे बघून हसतोय, तू हसू नकोस. एवढंही सांगू नकोस म्हणून मी वैतागायची. तो मुलगा चार शब्दांना महाग झाला, त्याला नक्की कुठला टप्पा म्हणायचं?

असो. मी वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना बोलावलं. त्यांना दिसतं, पण त्या राखाडीवरचं राखाडी त्यांनाही दिसेना. आम्ही दोघी मिळून एक धड माणूस होऊ अशी कल्पना होती, पण दोन अर्धे आंधळे झालो. त्यातच मध्ये एक कोडं आलं. आपण यंत्र नाही हे सिद्ध करायचं, त्यासाठी सिग्नलचे दिवे असलेले चौकोन निवडायचे.

"खांब धरायचा का?" शिंपीणबाई.

"दिवा म्हटलंय तर दिवाच धरा."

"अहो, पण खांबाशिवाय दिवा राहील कसा?"

हा वाद चालू असताना वेळ संपली आणि साइटने आम्हा दोघींना यंत्र ठरवून बाहेर काढलं. (माझा बोलघेवडा खरोखरचं यंत्र आहे, पण त्याच्यावर कुणी संशय घेतला नाही.) असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी शिंपीणबाई किंचाळल्या, "मिळाली! सोमवारी अकरा!" मी त्यांना मिठी मारली.

सोमवारी गेले. रांगेत बसले तर आजूबाजूला नुसतं रडणं, दुधाचा वास, आणि माझ्या गुडघ्यावर कुणाचा तरी खुळखुळा आपटत होता. नाव पुकारलं. आत गेले. डॉक्टरीणबाई तरुण असाव्यात. म्हणाल्या, "काकू, बाळ कुठंय?"

मी म्हटलं, "मीच."

झालं होतं असं की तुम्ही जन्मतारखेसाठी एक फिरतं चाक बसवलंय. शिंपीणबाईंनी ते फिरवलं, पण ते फिरलंच नाही, त्या दिवशीच्याच तारखेवर राहिलं. तुझ्या साइटच्या हिशेबाने माझं वय चार दिवस होतं. वजनाचा रकाना त्यांनी प्रामाणिकपणे भरला होता: अडुसष्ट किलो. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मीही हसले. हसताना मला धाप लागली आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझा दंड धरला आणि स्वतः चालत मला हृदयविभागात नेलं. मधे कुणाची वेळ घ्यावी लागली नाही.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मग बराच वेळ कागद चाळत राहिले. मी ऐकत होते. टेलिफोनवर काम केलेल्या माणसाला न बोललेलं जास्त ऐकू येतं. शेवटी म्हणाले, "तीन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं. तेव्हा गोळ्यांवर भागलं असतं."

मी काय सांगणार? रस्ता बंद होता, एवढंच म्हटलं. त्यांना वाटलं, खोदकाम चालू असेल.

तेव्हा पुन्हा एकदा अभिनंदन. भावजयबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. ऑपरेशन मंगळवारी आहे. त्यासाठी जवळच्या नातेवाइकाचं संमतिपत्र लागतं आणि ते फक्त तुझ्याच साइटवर भरता येतं. मी नाव तुझं दिलंय. एकदा पडदा बंद करून भरून बघ. नाही जमलं तर मुकाट्याने पडदा चालू कर आणि भर. मला ऑपरेशन करून घ्यायचंय, तुला धडा शिकवायचा नाहीये.

ता. क. दुसरा. वर जे तिखट लिहिलंय ते शिंपीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पाठवू नका, भाऊ दुखावेल. मी अर्धं खोडलं होतं. हे उरलेलं अर्धं आहे.

ता. क. तिसरा. आठ वाजता आत नेणार आहेत. सातला ये. मला भीती वाटते रे.