माझ्या कंपनीतला पहिला माणूस

३ सप्टेंबर, सकाळी ७
आजपासून भरती. दवाखान्यात आपला नंबर कधी लागेल ते सांगणारं ॲप. आयडिया माझी, जिद्द माझी, आता फक्त ते बनवणारी माणसं हवीत. नियम ठरवला: ए-वन माणसं घ्यायची, नाहीतर कुणीच नको. मागच्या खोलीत ऑफिस केलं. इस्त्रीचं टेबल बाहेर काढलं. बायकोने परत आत नेलं. चर्चा चालू आहे.

५ सप्टेंबर
मावसभावाला विचारलं. इंजिनियर म्हणून पोरगा हिरा आहे. मोठ्या कंपनीत पर्मनंट, राहायला क्वार्टर. म्हणाला, येईनही दादा, पण डिझाइन कोण बघणार? मी म्हटलं, एक जबरदस्त डिझायनर फायनल झालीये.
जबरदस्त आहे हे खरं. फायनल व्हायची बाकी आहे.

६ सप्टेंबर
डिझायनरला भेटलो. म्हणाली, इंजिनियर पक्का असेल तर विचार करते. सांगून टाकलं, पक्का म्हणजे काय, राजीनामा देऊन बसलाय.
दोघं एकदम आले की दोन्ही वाक्यं आपोआप खरी होतील. याला व्हिजन म्हणतात.
जेवण गेलं नाही. बहुतेक ॲसिडिटी.

९ सप्टेंबर
ॲसिडिटी नाही. अपराधी वाटतंय. उद्या दोघांना फोन करून खरं काय ते सांगायचं. म्हणजे सांगायचंच.

१० सप्टेंबर, दुपार
रेंज नव्हती.

१० सप्टेंबर, संध्याकाळ
रेंज होती. धीर नव्हता.

१२ सप्टेंबर
मावसभावाने राजीनामा दिला! फोनवर त्याचं अभिनंदन केलं आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. पाठोपाठ मावशीचा फोन. क्वार्टर सोडायचंय, सूनबाई खोकी भरतेय, पण तू आहेस म्हटल्यावर मला कसली रे काळजी, म्हणाली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.
निदान डिझायनरला सांगितलेलं आता खरं झालं. म्हणजे मी पन्नास टक्के प्रामाणिक.

१३ सप्टेंबर
डिझायनरचा नकार. मेसेज: तुमच्या इंजिनियरशी बोलले, माणूस फार आवडला. तुमच्याबद्दल मात्र खात्री वाटत नाही.
मार्केट मंदीत असलं की लोक असं काहीबाही लिहितात.
पण त्याच्याशी बोलली कधी?

१४ सप्टेंबर
मावसभाऊ टेप घेऊन आला. डिझायनरचं टेबल कुठे बसेल ते मोजायला. मोजू दिलं. खिडकीजवळ ठरलं. मग बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.
तो चिडला नाही. म्हणाला, दादा, तिचा मला तीन दिवसांपूर्वी फोन आला होता. खरंच राजीनामा दिलात का, विचारत होती. नाही म्हटलं असतं तर तू तोंडघशी पडला असतास. म्हणून हो म्हटलं. आणि एकदा हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी देऊनच टाकला.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, माणूस चांगला शोधलास. आता त्याला मालकही चांगला शोध.

१६ सप्टेंबर
त्याच्या जुन्या कंपनीत गेलो, त्याला परत घ्या म्हणून. जागा भरली, म्हणाले. एवढ्यात? इतक्या पटकन माणसं कशी मिळतात, विचारणार होतो. तोंड नव्हतं.

२४ सप्टेंबर
दारोदार हिंडून शेवटी एका कंपनीत त्याची गाठ घालून दिली. तिथे त्याचं तोंड भरून कौतुक केलं आणि त्यात एक शब्दही खोटा नव्हता. इतकं सोपं असतं हे? त्याला घेतलं! घरही देणार. छातीवरचा धोंडा उतरला. उद्यापासून नव्या जोमाने भरती.

२७ सप्टेंबर
मावशीने अभिनंदन केलं. कसलं? तर मावसभावाने तिथे अट घातलीये, मी येतो, पण माझ्या दादालाही घ्या. मला वाईट वाटेल म्हणून मला सांगितलं नव्हतं.
माझ्याबद्दल काय सांगितलंस, त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, मेहनती आहे, शब्दाचा पक्का आहे. बिचाऱ्याला माझ्यापायी अजून एकदा खोटं बोलावं लागलं. रडूच आलं. बायको म्हणाली, नाक पूस, मुलाखतीला जायचंय.

३० सप्टेंबर
मुलाखत झाली. काहीच विचारलं नाही. सोमवारपासून या, म्हणाले, आणि तुमच्या भावाला तेवढं कळवा, तुम्हाला घेतलंय म्हणून.