मल्होत्रासाहेबांचं परतीचं तिकीट

अहो,

भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तानं दुपारी रस्ते बंद होतील म्हणतात, म्हणून सकाळच्याच बसनं खुलताबादला आईकडं निघाले. तुम्हाला उठवलं नाय.

मी येईस्तोवर सरकारी विमानावरची पायलटची नोकरी सोडून त्या नव्या विमान कंपनीच्या कागदावर सही करू नका. काल जेवताना त्यांचे मल्होत्रासाहेब त्यांच्या विमानांचं लई कौतुक सांगत होते. निम्म्या भाड्यात माणसं नेता, मग काटकसर कुठं करता, पायलटच्या झोपेत का इंजिनात, असं मी विचारलं, तर हसून त्यांनी ताक मागितलं.

तुम्ही पान आणायला गेलात तेव्हा त्यांनी आपल्याच फोनवरून उद्या सकाळचं मुंबईचं परतीचं तिकीट पक्कं केलं. तुमच्या सरकारी विमानाचं! त्यांच्या कंपनीचं विमान त्याच सकाळी मुंबईला जातंय.

आमचे आप्पा कुणाच्या रानात मेंढरं बसवायच्या आधी बघायचे, मालकाची गुरं तिथल्या विहिरीचं पाणी पितात का. पीत नसली, तर कळप पुढं हाकायचे.

तरी सही करायचीच असली, तर मल्होत्रासाहेबांना आधी सांगा, ‘तुमचं विमान मी पहिल्यांदा उडवीन तेव्हा त्यात तुम्ही बायकापोरं घेऊन बसा.’

सरू