उषाच्या तोंडी माझा आवाज

८ नोव्हेंबर १९८७
आज पुन्हा पडद्यामागंच! जाफराबादला दुपारचा कार्यक्रम होता. पुढं उषा. चमकीचा झगा, हातात बंद माईक, नुसते ओठ हलवते. मागं पडद्याला नाक लावून मी गाते. ऑर्केस्ट्राचे मालक अण्णासाहेब दर वेळी एकच बोलतात, "नंदाताई, आवाज तुमचाच. पण लोक बघायला बी येतात ना!"

म्हणजे माझ्या गळ्यावरची गाठ दिसू नये. मला बघायला आलेले पाहुणे बी त्या गाठीकडंच बघत चहा संपवतात अन् उठतात.

टाळ्या मात्र दणकून पडल्या. उषानं वाकून घेतल्या.

१५ नोव्हेंबर
इस्माईलच्या खोलीवर तालीम. तो आमचा कीबोर्डवाला. बापाचा गाद्या भरायचा धंदा, बदनापूर स्टेशनजवळ. चारी भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या. आत बसलं की बाहेरचं जग बंद. त्याचा भाऊ फकरोद्दीन शारजाहून कॅसेटी पाठवतो. इटलीचं डिस्को! सगळं मशीनवरचं. ढोल मशीनचा, व्हायोलिन मशीनचं. अन् त्यात गाणारी बाई कुठंतरी लांब उभी राहून गाते असं वाटतं. पाय थिरकतात अन् रडू बी येतं. दोन्ही एकाच टायमाला.

शब्दांचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक न्हाई. इस्माईल ऐकून ऐकून उर्दूत लिहितो, वाचून दाखवतो, मी मराठीत उतरवते. चालतं. नाचणाऱ्याला कुठं अर्थ लागतो!

आज हसून म्हणला, "तिकडं बी असंच हाय, नंदाताई. हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकरानं भाईला सांगितलं. कव्हरवर फोटो एकीचा, आवाज दुसरीचा."

"मंग त्या दुसरीचं नाव?"

"ते कुठं लिहितात."

२ डिसेंबर
दोन गाण्यांतच धाप लागली. तिसरं सोडून दिलं.

९ डिसेंबर
औरंगाबादला दाखवून आलो, मी अन् आई. डॉक्टर म्हणले, गाठ श्वासनळी दाबून राह्यली, काढावीच लागेल. आवाजाची नस तिला चिकटलेली आहे. जपून काढू, पण शब्द देता येत न्हाई.

येताना एसटीत आई म्हणली, "काढून टाक. गळा साफ झाला की स्थळं येतील."

"अन् आवाज?"

"बोलण्यापुरता राह्यला तरी बास."

खिडकीकडं तोंड करून बसले. आई माझ्या कार्यक्रमाला कधी आली न्हाई. घरात गुणगुणले तरी अंगणात निघून जाते. लोक काय म्हणतील, याचंच तिला पडलेलं.

३ जानेवारी १९८८
तीन दिवस रेकॉर्डिंग! अण्णासाहेबच म्हणले, ऑपरेशननंतर ताई दोन महिने घरी राहणार, तवर टेपवर भागवू. गाद्यांच्या मधोमध मी उभी, माईक दोरीनं वरून टांगलेला. आठ गाणी इटलीची. नववं आमचं! चाल इस्माईलची, शब्द माझे —

गाडी आली, गाडी गेली
तू उतरलाच न्हाई

असं साधंच. पण मशीनच्या ढोलावर ते काय लागलं! मधेच दम पुरेना. बसून घेतलं, पाणी प्यायले, उठून परत गायले. पाचव्या खेपेला बराबर झालं. इस्माईलनं टेप बंद केली अन् बराच वेळ बटणावरचं बोट काढलं न्हाई.

सगळी गाणी एकाच बाजूला, एकच कॅसेट. कॉपी केली की आवाज दबतो, म्हणून तो करू देत न्हाई.

१० जानेवारी
उद्या ऑपरेशन. सही मीच केली. आईचा अंगठा नको म्हणलं.

२ फेब्रुवारी
गाठ गेली. आवाज बी.

नुसती हवा येते. फुस्स. डॉक्टर म्हणले, सहा महिने वाट बघा, कधी कधी परत येतो.

२८ मार्च
उषा घरी आल्ती. डझनभर मोसंब्या घेऊन. मला वाटायचं गर्विष्ठ आहे. तसं काही न्हाई. नवऱ्यानं टाकलेली, लेकरू आईजवळ ठेवून फिरते. माझा हात धरून म्हणली, "ताई, तुमच्या आवाजावर माझं घर चालतं. लवकर या. टेपसमोर ओठ हलवायची मला भीती वाटते. कुठं अडकली तर?"

मी पाटीवर लिहिलं, येते.

१७ मे
आज धावडा गावात एका लग्नात पहिल्यांदा समोर बसून ऐकलं. गळा साफ, पदर खाली सोडलेला, कोणी वळून बघत न्हाई. उषा आली. टेप सुरू झाली. अन् मी गायला लागले!

मी तिथं खुर्चीत बसलेली अन् मी तिकडं तिच्या तोंडून गाऊन राह्यले. शेवटी आमचं गाणं. पोरं खांद्यावर हात टाकून नाचली. परत वाजवा, परत वाजवा! शेजारची म्हातारी माझ्याकडं वळली. "काय गाती गं बाई! देवानं गळा दिला तर असा द्यावा."

मान हलवली. दुसरं काय करणार!

आता समोर उभी राहू शकते मी. आत्ता!

११ जुलै
डॉक्टर म्हणले, आता येणार न्हाई.

घरी आल्यावर आई चुलीपुढं बसली. चूल पेटवली न्हाई.

२९ जुलै, शुक्रवार
लिहायलाच पाहिजे.

काल अण्णासाहेब सांगून गेले, पुढच्या हप्त्यात कॅसेट औरंगाबादला नेतो, हजार प्रती काढतो. कव्हरवर उषाचा फोटो. बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई.

दुपारी इस्माईलकडं गेले. तो नमाजला गेल्ता. खोली उघडीच असते. कॅसेट टेपमध्ये घातली, माईकची वायर काढली, रेकॉर्डचं बटण दाबलं अन् गादीला टेकून बसले. चाकं फिरत राह्यली. काहीच ऐकू येत न्हाई. पुसलं जाताना आवाज होत न्हाई.

इस्माईल आला. टोपी हातातच. दिवा लाल बघितला, माझ्याकडं बघितलं. समजला.

"शेवटचं राह्यलंय," हळूच म्हणला. "तुमचंवालं. थांबवू?"

मी मान हलवली. न्हाई.

त्यानं हात लावला न्हाई. खाली माझ्याशेजारी बसला. दोघं मिळून चाकं बघत राह्यलो. खटकन बटण वर आलं तेव्हा म्हणला, "तुमचा हक होता. उषाला मात्र तुम्हीच सांगा."

६ ऑगस्ट
सांगितलं. लिहून. उषानं दोनदा वाचलं. रडेल वाटलं, शिव्या देईल वाटलं. पाटी पुसून परत दिली अन् चप्पल घालून गेली. अण्णासाहेबांनी तिला बसवलं घरी. नवीन पोरगी आणली, स्वतः गाणारी. इस्माईल जुनी गाणी वाजवून राह्यला.

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल.

१९ ऑगस्ट
भाकरी थापता थापता आई थांबली. म्हणली, "नंदे, तुझा आवाज कसा होता ते मला आठवंनाच झालंय. उगं अंगणात जात राह्यले मी. त्या इस्माईलकडं तुझी टेप हाय म्हणं. आण की. एकदा ऐकू दे."