वेशीवरचा गेस्ट

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
आजपासून रोजनिशी. पेनीथॉर्न गेम्सच्या सिडनी शाखेचा स्टुडिओ हेड झालो की लोक विचारणारच, वाईट दिवसांत तुम्ही टिकलात कसे? तेव्हा आठवत बसायला नको.

पेनीथॉर्न ही लीड्सची कंपनी. चार पोरांनी मासळीच्या दुकानावरच्या खोलीत काढली. ‘हॉलो पॅरिश’ हा भुतांचा ऑनलाइन गेम तुफान चालला. मग लंडनला तीन मजले, इकडे सिडनीत पॅरामाटाला आमची शाखा, ऑफिसात घसरगुंडी. मग गेमचा दुसरा भाग आला आणि आपटला. लंडन गेलं. घसरगुंडी विकली. शेवटचा सहकारी यतिन शुक्रवारी डार्विनच्या एका हॉस्पिटलात आयटीला गेला. भित्रा.

आता सिडनीत मी एकटा. सगळ्यांना काढलं, मला नाही. अर्थ स्पष्ट आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ऑफिसचे दिवे सेन्सरवर आहेत. जरा विचार करत बसलो की विझतात. मग अंधारात हात हलवायचे.

आज रिकाम्या टेस्ट रूममध्ये कोणीतरी खोकलं. जाऊन पाहिलं तर स्पीकर चालू राहिला होता. राखणदार.

राखणदार ही माझी आयडिया. इंग्लंडच्या ओसाड माळावरचं गाव, आणि त्याच्या वेशीवर आमच्या गुहागरकडचा राखणदार. अंगावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी. परक्याला धरतो, आपल्याला वाट दाखवतो. गोऱ्यांना भारी आवडला. आवाज बाबांचा. टूनगॅबीला आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना कपड्यांच्या कपाटात उभं करून रेकॉर्ड केलं. म्हणाले, आधी नारळ ठेव, मगच त्याचा आवाज काढीन. हॅरिस पार्कच्या देशी दुकानातून नारळ आणला. मग बाबा खोकले आणि म्हणाले, “कोण रे? आपलाच ना? मग जा बिनधास्त.” पहिल्याच टेकला ओके, खोकल्यासकट.

आईला इथे ठेवून एकटेच मुंबईला परतले आणि त्याच वर्षी गेले.

खोकल्याने मी दचकलो वगैरे नाही. एसीने डोळ्यांत पाणी येतं. फॅसिलिटीवाल्यांना कळवलं पाहिजे. फॅसिलिटीवाले उरलेले नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार
यतिनचा फोन. डार्विनला नुसता घाम आणि पाऊस, पण पगार वेळेवर, असं म्हणाला. मग म्हणाला, अरे निनाद, काकांच्या आवाजाची कॉपी घरी नेऊन ठेव. तुझा जुना फोन पाण्यात पडला, आता तो आवाज फक्त कंपनीच्या सर्व्हरवर आहे.
मी ठाम नकार दिला. होणारा स्टुडिओ हेड कंपनीची फाइल खिशात घालून नेत नाही. आणि कंपनी कुठे जात्ये?

१९ फेब्रुवारी, बुधवार. आर्वो, म्हणजे इथली दुपार
महत्त्वाची घडामोड! गेममध्ये हल्ली चिटपाखरू नसतं. रिकामी घरं, रिकामं चर्च, आणि राखणदार एकटाच फेऱ्या मारतोय. बघवत नाही. पण गेला आठवडाभर रोज दुपारी बाराच्या सुमारास एक प्लेअर येतो. नाव नुसतं ‘गेस्ट’. देश ऑस्ट्रेलिया. लढत नाही, काही गोळा करत नाही. वेशीवर जाऊन राखणदारासमोर उभा राहतो. तास दीड तास. मग जातो.

हा साधा प्लेअर नव्हे. कुठलीतरी मोठी कंपनी आम्हाला विकत घ्यायच्या आधी गुपचूप तपासत्ये. मेधाला सांगितलं. ती म्हणाली, दुसरीकडे अर्ज कधी करणार? बायकोला मोठं चित्र दिसत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
गेस्टसाहेबांवर छाप पडावी म्हणून वेशीवर सात भुतं सोडली. उत्तम अॅनिमेशन. साहेब लगेच मेले. परत आले, परत मेले.
घरी आईचा मूड खराब. बीपी वाढलंय. जेवली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, काही नाही, हल्ली कुठे सुखाने उभं राहता येत नाही. गुडघे असणार. शनिवारी डॉक्टरकडे नेईन.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
भुतं काढली. साहेब आले, थांबले. आईचं बीपीही नॉर्मल. दिवस चांगला.

५ मार्च, बुधवार
गेस्टसाहेबांच्या स्क्रीनवर खास निरोप पाठवला. अत्यंत अदबीच्या इंग्रजीत. आपली शांत नजर आम्हाला जाणवते, हॅरिस पार्कला एकदा लंच घेऊ, वगैरे. उत्तर नाही. मोठी माणसं लगेच उत्तर देत नाहीत.
संध्याकाळी आईची तक्रार, टीव्हीवर मधेच कसलंतरी इंग्रजी पत्र येतं, समोरचं काही दिसत नाही. श्रियाला म्हटलं, आजीच्या टीव्हीच्या जाहिराती बंद कर. ती म्हणाली, इट्स नॉट अॅन अॅड, डॅड. बारा वर्षांच्या मुलीशी कोण वाद घालणार?

आईला म्हटलं, दिवसभर टीव्हीसमोर बसू नकोस, पार्कात इतर आज्या येतात त्यांच्यात जा. म्हणाली, दुपारी नाही जमायचं.

२१ मार्च, शुक्रवार
लीड्सहून ईमेल. कंपनी दिवाळखोरीत. सोमवारी, एकतीस तारखेला, सिडनीच्या दुपारी एक वाजता सर्व्हर कायमचे बंद. तोवर मी ते सांभाळायचे. त्यासाठीच मला ठेवलं होतं म्हणे.

शांतपणे विचार केला. दिवे विझले. हात हलवले नाहीत.

ही सौदेबाजी आहे. बंद करतो म्हटल्याशिवाय गिऱ्हाईक भाव चढवत नाही. घरी सांगायची गरज नाही.

२६ मार्च, बुधवार
आईने विचारलं, तुझी कंपनी बंद होत्ये असं श्रिया म्हणते, खरं का रे? म्हटलं, छे! शंभर वर्षं चालेल. म्हणाली, आणि तो गेम? म्हटलं, गेम तर त्याहून जास्त. एकदम खूश झाली, शिरा केला. आईला माझ्या नोकरीची किती काळजी!

३० मार्च, रविवार. पाडवा
बाल्कनीत गुढी उभारली. संकल्प: उद्या बारा वाजता गेस्टसाहेबांना थेट ऑफर. भाषण तयार आहे. आईने आज पुरणपोळीचं ताट घेऊन टीव्हीसमोर जेवण केलं. सणाच्या दिवशी!

३१ मार्च, सोमवार
साडेअकराला कार्ड चालेना. लॉगिन बंद. खालचा सिक्युरिटीवाला म्हणाला, सॉरी मेट. म्हटलं, नो वरीज. टेक्निकल अडचण. घरच्या टीव्हीवरून गेममध्ये शिरू आणि साहेबांना तिथेच गाठू. ट्रेन पकडली, ती मधेच रखडली; पोचेपर्यंत एक वाजत आला.

दार उघडलं आणि आतून बाबा खोकले.

बूट न काढता हॉलमध्ये गेलो. टीव्हीवर माळ, वेस, घुंगरांची काठी. कोपऱ्यात नाव: गेस्ट. सोफा रिकामा. टीपॉयवर दोन कप चहा, एक भरलेला, तसाच. बाबा म्हणाले, “कोण रे? आपलाच ना? मग...” आणि पडदा काळा झाला.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. म्हणाली, बटण लागलं का रे तुझं? श्रियाने लावून दिलेलं असतं ते. रिमोट घेतला, दाबत बसली. मी म्हटलं, बंद झालं आई. म्हणाली, कधी सुरू होईल? मी बूट काढायला वाकलो. मग तिने रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, तुला माहीत होतं?

म्हटलं, हो.

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, मुंबईत ते गेले तेव्हा मी इथे होते, विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. सांगितलं असतंस तर आज समोर बसून राहिले असते. येते म्हणून सांगून उठले असते. कुकर लावायला मधेच गेले रे मी.

मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, मलाही त्यांची फार आठवण येते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, इथेही लिहिलं नव्हतं.

ती म्हणाली, मग एखाद्या दुपारी घरी यायचंस. आणि कुकरचा गॅस बंद करायला आत गेली.