आधी पाणी, मग बातमी

सेर्वा,

"पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग बातमी विचारावी," तुझे आजोबा म्हणायचे. "मरणाची बातमीसुद्धा पायी येते, दारात बसते, पाणी पिते, तेव्हा कुठे तोंड उघडते."

माफी मागताना द्यायची जिनची बाटली घेऊन मी माम्पोंगला चालले आहे, त्यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांचे पाय धरायला. घराण्याने मरण जाहीर करण्याआधीच तू आजोबांचा फोटो मेणबत्तीसकट फेसबुकवर टाकलास. शेजारच्या पोराने तो आजीला दाखवला. तेव्हापासून ती बोलली नाही, आणि बोलेलसं वाटत नाही.

क्वार्तेंगमामा सकाळी फोनवर गरजला, "चौदा वर्षांच्या पोरीच्या हाती गावचा नगारा कुणी दिला?"

"दादा, फोन तिच्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे," मी म्हटलं.

"मग बडवा सगळ्या मिळून!"

आता घराण्यातल्या सगळ्या पोरांचे फोन काढून घेणार म्हणतात. घेऊ देत. सुटलेला शब्द काही माघारी येत नाही.

तुझा फोन मी नेलेला नाही, उशीखालीच आहे. मक्याचं केन्के पातेल्यात आहे, मासा झाकून ठेवलाय. खाऊन घे. दवाखान्यात त्यांच्या उशाशी तू एकटीच होतीस, हे मी विसरले नाही.

काल तू विचारलंस, "आई, तू मला रागवत का नाहीस?" मी भांडी घासत राहिले. सेर्वा, मला सांगायला निघालेला माणूस तेव्हा वाटेतच होता. बाजारात टोमॅटो रचताना फोनवर तुझी ती मेणबत्ती दिसली, आणि माझे वडील गेल्याचं मला तिथे कळलं.

आई