पाठ कशी शे, नाना?

३ नोव्हेंबर, मेहरूण, जळगाव
समस्त विश्वाच्या दरबारी माझी एक तक्रार दाखल व्हावी: या घरातली उशी. खानदेशचा कापूस एवढा नावाजलेला, पण तो हिच्यात कोंबताना कोणीतरी सूड उगवला आहे. डोकं टेकलं की मान आपोआप धुळ्याकडे वळते, म्हणजे जिथून पेपराने मला इकडे बातमीदारीला धाडलं तिकडेच. बाकी वरची खोली उत्तम. खिडकीतून तलाव दिसतो. मालकीणबाई, लताबाई, यांनी कळण्याची भाकरी न् भरीत वाढलं. माझ्यामागे घरी कोणी नाही हे ऐकून आणखी एक भाकरी वाढली. त्यांची मयुरी डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा दुसऱ्यांदा देते आहे. मी म्हटलं, माझ्यासारखं संस्कृत घेतलं असतंस तर इतकी घोकंपट्टी नसती. ती म्हणाली, म्हणूनच तुम्ही अजून भाड्याने राहता, नाना.

९ नोव्हेंबर
चार दिवसांपूर्वी पाठ धरली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या कडक गोळ्या लिहून दिल्या, मोजक्याच घ्या म्हणून बजावलं. या घरची रीत अशी की वडीलधाऱ्याने औषधाच्या दुकानाची पायरी चढायची नाही. मयुरीने चिठ्ठी हातातून ओढलीच. तुम्ही जिना उतरलात तर आई मला सोलेल, म्हणाली. उशीही नेली, उसवून, कापूस पिंजून परत शिवून आणली. आता मऊ आहे, फक्त जराशी सळसळते. दर दोन दिवसांनी मीच उन्हात घालत जाईन, म्हणाली. सकाळी दारातून विचारते, पाठ कशी शे, नाना? अहिराणी तिला माझी थट्टा करतानाच आठवते. माझी अशी चौकशी आता दुसरं कोणी करत नाही.

१७ नोव्हेंबर
लताबाई कापूस वेचणीसाठी पाचोऱ्याकडच्या शेतावर गेल्या. जाताना म्हणाल्या, भाऊ, पोरगी धड जेवत नाही, जरा लक्ष असू द्या. मी यथासांग वचन दिलं.
पाठ केव्हाच बरी झाली आहे. तरी आज तिने विचारल्यावर मी म्हटलं, अजून जरा आहे. बरी म्हटलं असतं तर ती दारातूनच वळली असती. माझ्या दुखण्याने कोणाचा चेहरा एवढा खुललेला मी प्रथमच पाहिला.

२१ नोव्हेंबर
दाढीचं पातं आणायला औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदार लीलाधरभाऊंनी हात जोडले. अजून उतार नाही का, नाना? पोरगी तीच चिठ्ठी घेऊन सारखी येते, एवढ्या कडक गोळ्या, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मी पातं घेऊन निघालो. माझी पहिली पट्टी अजून खणात आहे, अर्धी भरलेली.
परतताना तलावाच्या कठड्यावर तिच्या क्लासमधली मुलं बसली होती. सगळ्यांचे डोळे जड, अर्धवट मिटलेले. एकाने मान सावकाश वळवली. पाठ कशी शे, नाना?
त्याला मी ओळखत नाही.

२३ नोव्हेंबर
दुपारी जरा आडवा झालो. वारा नाही, तरी उशी सळसळते.
मयुरीचं पुस्तक कालच्याच पानावर. हाक मारली. बऱ्याच वेळाने तिने पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. गोळ्यांचं विचारलं तर हसली. म्हणाली, तुमच्यासाठीच आणते ना.
लताबाईंना फोन करायला हवा. पण केला तर त्या तिला शेतावर घेऊन जातील, आणि मग हे घर— उद्या करतो.

२४ नोव्हेंबर
उशी उसवली. कापूस थोडाच. बाकी चंदेरी पट्ट्या. रिकाम्या, नीट घड्या घातलेल्या. आईचा हात जिथे कधी पोचणार नाही तिथे ठेवलेल्या. सगळ्या माझ्या दुखण्याच्या नावावर. इतके दिवस मी त्यांच्यावर डोकं ठेवून—

खाली गेलो. ती पुस्तकावर डोकं टेकून. उठत नाही. ओठ निळसर.

रुग्णवाहिका निघाली आहे. फोनवरची बाई म्हणाली, कुशीवर वळवा, श्वासावर लक्ष ठेवा. वळवलं. श्वास आहे. मध्येच थांबतो, मग—
आहे.

लताबाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, भाऊ, तुमचं लक्ष होतं ना?

एका हातात तिचा हात. गार आहे. दुसऱ्याने लिहितो आहे, नाहीतर ओरडेन.
ती उठणार नाही, ही भीती आहेच. पण खरी काळजी दुसरीच, ती लिहून टाकतो. ती उठली, बरी झाली, पुन्हा माझ्या दारात आली आणि विचारलं, पाठ कशी शे, नाना— तर बरी आहे, असं मी म्हणेन, की—